नागरिकत्व सोडलेल्या देशात पहिल्यांदा परत जाताना

सांजवेळ

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहिते आहे.

गेल्या वर्षी मी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं. सभागृहात आम्ही साठ-सत्तर जण उभे होतो. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मागोमाग प्रतिज्ञा म्हणायची होती. म्हणून झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. त्या प्रतिज्ञेबरोबर माझं भारतीय नागरिकत्व संपणार हे मला आधीपासून माहीत होतं. पण ते खरं कळलं घरी आल्यावर, कपाटातला जुना पासपोर्ट हातात घेतला तेव्हा. त्याची मुदत अजून सहा वर्षं शिल्लक होती. फोटो माझाच, सही माझीच, आणि तरी तो आता दाखवला तर गुन्हा.

पासपोर्ट रीतसर जमा केला, सरेंडर सर्टिफिकेट घेतलं. तो कोपरा कापून, रद्द असा शिक्का मारून परत आला. ओसीआय कार्डही आलं आहे, म्हणजे दुसऱ्या देशाचे नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत देतो ते 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. पुढच्या महिन्यात वडिलांना भेटायला जायचं आहे, त्यांचं वय ८१. इतक्या वर्षांत मी कितीदा तरी गेले-आले. दर वेळी इमिग्रेशनच्या काउंटरवर उभी राहताना एक गोष्ट पक्की असायची की काही झालं तरी समोरचा माणूस मला परत पाठवू शकत नाही. आता पाठवू शकतो. पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाठवू शकतो. हक्काने जाणं आणि परवानगीने जाणं, एवढाच काय तो फरक, पण तो मला झोपू देत नाहीये.

कोणत्याही देशाचं नागरिकत्व सोडून मग त्याच देशात गेलेल्यांनी अनुभव लिहावेत. धागा भारतापुरता नको. कागद काय लागले, काउंटरवर काय विचारलं आणि आत गेल्यावर कसं वाटलं, सगळंच लिहा.

दोन_किनारे

सांजवेळ, तुमचा प्रश्न वाचून नऊ वर्षांपूर्वीची रात्र आठवली. माझी गोष्ट जरा वेगळ्या दिशेची आहे. मी अमेरिकेत जन्मलो, तिथेच वाढलो. घरी आईवडील मराठी बोलायचे म्हणून हे लिहिता येतं. नोकरीनिमित्त जर्मनीत आलो आणि इथलाच झालो. २०१६ साली जर्मन नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. तेव्हा इथे नियम होता की बहुतेक लोकांनी आधीचं नागरिकत्व सोडायचं.

पद्धत अशी की जर्मनी आधी लेखी हमी देते. जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणा, आम्ही आमचं देतो. ती हमी घेऊन मी अमेरिकन वकिलातीत गेलो. अमेरिकेचं नागरिकत्व पोस्टाने किंवा वकिलामार्फत सोडता येत नाही. देशाबाहेर, वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर स्वतः उभं राहून शपथ घ्यावी लागते. माझ्यासमोरच्या बाई वयाने माझ्या आईएवढ्या होत्या. त्यांनी मला एक निवेदन सावकाश वाचायला सांगितलं. यापुढे मी त्या देशासाठी परदेशी माणूस असेन, आणि हे पाऊल मागे घेता येत नाही, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुम्हाला थोडा वेळ हवा आहे का? मी नाही म्हणालो आणि सही केली.

शपथेच्या दिवसापासून जर्मन प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत काही महिने गेले. तेवढे महिने मी पृथ्वीवरच्या एकाही देशाचा नागरिक नव्हतो. खिशात जर्मन रहिवासाचं कार्ड होतं, त्यामुळे रोजच्या जगण्यात काही अडलं नाही. पण रात्री जाग आली की ते आठवायचं.

मग आईला भेटायला गेलो. जर्मन पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, आधी ऑनलाइन परवानगी काढली की नव्वद दिवस राहता येतं. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टातलं जन्मस्थान पाहिलं आणि अमेरिकन पासपोर्ट कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण अमेरिकन नागरिकाने अमेरिकन पासपोर्टवरच आत यायचं असा तिथला कायदा आहे. मी नागरिकत्व गमावल्याच्या प्रमाणपत्राची प्रत काढून दिली. त्याने ती दोनदा वाचली. मग मला बाजूच्या खोलीत बसवलं. पाऊण तास गेला. कोणी वाईट वागलं नाही, आवाज चढवला नाही, फक्त संगणकात काहीतरी तपासत होते. शेवटी शिक्का मिळाला.

त्यातली एकच गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. लहानपणापासून कुठूनही परत आलो की पासपोर्ट हातात देताना ते लोक 'वेलकम होम' म्हणायचे. तोंडपाठ म्हणायचे, वर न बघता. या वेळी तो माणूस मान वर करून, हसून म्हणाला, तुमचा मुक्काम छान होवो. त्याच्या मनात काही नव्हतं. मी मात्र बॅगेच्या पट्ट्यापाशी बराच वेळ उभा राहिलो.

२७ जून २०२४ पासून जर्मनीने तो नियमच काढून टाकला. आता इथलं नागरिकत्व घेताना जुनं सोडावं लागत नाही. आठ वर्षं थांबलो असतो तर दोन्ही राहिली असती. याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा हा नियम जाईल असं मला कोणी सांगू शकलं नसतं.

कामाचं सांगायचं तर त्या प्रमाणपत्राची प्रत मी हातातल्या पिशवीतच ठेवतो, सामानात कधीच टाकत नाही. मूळ प्रत घरी.

गुलबक्षी

दोन_किनारे, मीही जर्मनीतच आहे. ऑफिसात माझ्या शेजारी एक तुर्की वंशाच्या बाई बसतात. त्यांनीही तुमच्यासारखंच जुन्या नियमामुळे तुर्कस्तानचं नागरिकत्व सोडलं. पण त्यांच्याकडे 'मावी कार्त' म्हणजे निळं कार्ड आहे. जन्माने तुर्की असलेल्या आणि सरकारची परवानगी घेऊन नागरिकत्व सोडलेल्या लोकांसाठी तुर्कस्तानने ही सोय १९९५ मध्ये केली. तेव्हा कार्ड गुलाबी होतं. या कार्डावर तिथे राहता येतं, नोकरी करता येते, घर घेता येतं, वारसा मिळतो. मतदान, निवडणूक लढवणं आणि सरकारी नोकरी हे नाही. सैन्यसेवेचं बंधनही नाही.

त्या म्हणतात की पहिल्यांदा गेले तेव्हा पोटात गोळा आला होता, आता काही वाटत नाही. सांजवेळ, तुम्हालाही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हलकं वाटेल.

कंदील

विषय माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी एक शब्दाचा मुद्दा. आपण सगळे 'नागरिकत्व सोडलं' म्हणतो. भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ मध्ये सोडणं आणि संपणं ही दोन वेगळी कलमं आहेत. कलम ८ म्हणजे स्वतः घोषणा करून त्याग. कलम ९ म्हणजे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. सांजवेळ यांचं नवव्या कलमाखाली गेलं. पासपोर्ट जमा केला त्या दिवशी नव्हे, प्रतिज्ञा घेतली त्याच दिवशी. म्हणून 'अजून जमा केला नाही, तोवर जुन्यावर एक फेरी मारून येऊ' असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नये. जपानमध्येही स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की जपानचं आपोआप जातं. दोन_किनारे यांनी मात्र शब्दशः सोडलं, तोंडाने म्हणून.

दुसरं म्हणजे सोडता येणं हीच गोष्ट फार जुनी नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जन्मलेला माणूस मरेपर्यंत राजाची प्रजा असे. अमेरिकेत जाऊन तिथला नागरिक झालेल्या खलाशाला ब्रिटिश नौदल समुद्रात जहाज अडवून उतरवून घेई आणि आपल्या जहाजावर जुंपे. १८१२ च्या युद्धाचं ते एक मोठं कारण होतं. पुढे १८६७ च्या सुमारास अमेरिकेचे नागरिक झालेले आयरिश लोक मायभूमीत गेल्यावर पकडले गेले. ब्रिटनने सांगितलं, तुम्ही आमचीच प्रजा. अमेरिकेत संताप झाला आणि जुलै १८६८ मध्ये तिथे कायदा झाला की नागरिकत्व बदलणं हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे. ब्रिटनने १८७० साली आपला जुना नियम सोडला. म्हणजे त्या काळी सोडलेल्या देशात परत जाण्याची भीती आजच्या नेमकी उलटी होती. तो देश तुम्हाला परका मानत नसे. आपलाच मानून धरून ठेवत असे.

आजही असे देश आहेत. अर्जेंटिनात जन्माने मिळालेलं नागरिकत्व सोडताच येत नाही. इराणमध्ये सोडायला मंत्रिमंडळाची परवानगी लागते, आणि ती नसेल तर तो देश तुम्हाला इराणीच समजतो, मग खिशात कुठलाही पासपोर्ट असो. अशा ठिकाणी अडचणीत सापडलात तर नव्या देशाच्या वकिलातीला तुमच्यापर्यंत पोचणं अवघड जातं.

आता सांजवेळ यांच्या मूळ दुखण्याकडे येतो, हक्क की परवानगी. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १३ म्हणतं की प्रत्येकाला आपल्या देशात परतण्याचा हक्क आहे. कलम १५ म्हणतं की नागरिकत्व बदलण्याचा हक्क कोणाकडूनही मनमानीने काढून घेता येणार नाही. पण बदलल्यावर आधीचा देश 'आपला' राहतो का, हे तिथे लिहिलेलं नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारात कलम १२ च्या चौथ्या भागात 'स्वतःचा देश' असे शब्द आहेत, 'नागरिकत्वाचा देश' असे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये स्पष्ट केलं की हे शब्द नागरिकत्वापेक्षा व्यापक आहेत. २०११ मध्ये त्याच समितीने निस्ट्रॉम विरुद्ध ऑस्ट्रेलिया या प्रकरणात मत दिलं की तान्हेपणापासून ऑस्ट्रेलियात वाढलेल्या स्वीडनच्या नागरिकाचा 'स्वतःचा देश' ऑस्ट्रेलियाच. पण १९९६ मध्ये स्ट्युअर्ट विरुद्ध कॅनडा प्रकरणात बहुमत नेमकं उलटं होतं. आणि या दोन्ही ठिकाणी माणसांनी स्वतःहून काही सोडलेलं नव्हतं. आपण सोडलेलं आहे. त्यामुळे सांजवेळ, कायद्याने पाहिलं तर तुमचं वाक्य बरोबर आहे, ती परवानगीच आहे. ओसीआय ही फार भक्कम परवानगी आहे, आयुष्यभराची, कितीही वेळा येण्याची, पोलिसांत नोंद न करता राहण्याची. पण सरकारला ती नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड खाली रद्द करता येते. नावात 'सिटिझन' आहे म्हणून फसू नये.

पाऊलखुणा

मी थोडं वेगळं लिहितो, कोणी मनाला लावून घेऊ नये.

मी देशातच राहिलेला भाऊ आहे. माझा धाकटा भाऊ परदेशी नागरिक झाला. तुम्ही सगळे काउंटरवरच्या त्या दोन मिनिटांबद्दल लिहिता आहात. मला त्याच्या पासपोर्टच्या रंगाचं काही वाटत नाही. तो येतो तेव्हा आई तीन दिवस आधीपासून दाराकडे कान लावून बसते, आणि तो गेल्यावर पुढचे आठ दिवस ती माझ्याशी नीट बोलत नाही. औषधं मी देतो, रात्री मी उठतो. तो आला की घरातले निर्णय पुन्हा मांडून बसतो, अमुक डॉक्टर बदलू, तमुक विकून टाकू. तीन आठवड्यांत. मग विमान.

माझं म्हणणं एवढंच आहे की आल्यावर तुम्हाला परकं वाटतं याचा दोष शिक्क्याला देऊ नका. तुम्ही किती दिवस असता, त्यावर ते ठरतं. आणि राज्य कोणी करावं, कर कुठे खर्च व्हावा, हे इथे रोज राहणाऱ्यांना ठरवू द्या. मत सोडलंत ते योग्यच झालं.

सांजवेळ

पाऊलखुणा, मनाला लागलं, पण तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मलाही एक भाऊ आहे. वडिलांचं सगळं तोच करतो. माझी तिकिटं काढून झाल्यावर त्याला फोन केला तर तो म्हणाला, ये, पण आल्या आल्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागू नकोस. तेव्हा राग आला होता. आता समजतं आहे.

मताबद्दल तुमच्याशी सहमत आहे. मतदार यादीतून नाव काढायचा अर्ज मी करते आहे, भावाने यादीत नाव अजून असल्याचं सांगितलं.

पण दोन मिनिटांचं मला वाटतं ते खरं आहे, ते तुम्ही कमी लेखू नका. तुम्ही ज्या दारातून कधी बाहेरच पडला नाहीत, त्या दारावर थांबून विचारावं लागणं काय असतं ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

पाऊलखुणा

हे मान्य. भावाला मी हे कधी विचारलंच नाही. आज विचारतो.

निळीशाई

आमच्या घरात दोन उदाहरणं एका छपराखाली आहेत. बायको मूळची फिलिपिन्सची, मी भारतातला, आणि आम्ही कॅनडाची शपथ एकाच दिवशी, शेजारी शेजारी उभं राहून घेतली. संध्याकाळपर्यंत दोघांचेही जुने देश सुटले होते. पुढे काय झालं ते बघा.

मी पासपोर्ट जमा करणं, सर्टिफिकेट, फोटोचं माप, अर्ज परत येणं, पुन्हा भरणं, या सगळ्यातून ओसीआयपर्यंत पोचलो. तिने काहीच केलं नाही. आम्ही दोघं विमानात बसलो आणि तिच्या देशात उतरलो. तिथे 'बालिकबायन' म्हणून सवलत आहे. शब्दाचा अर्थच मायदेशी परतणारा. १९८९ चा कायदा आहे, २००२ मध्ये सुधारला. पूर्वीच्या नागरिकाने आपण मूळचे तिथले आहोत हे दाखवलं की एक वर्ष राहण्याचा शिक्का मिळतो. तिने आपला जुना पासपोर्ट दाखवला. अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून विचारलं, हे बरोबर आहेत का? ती हो म्हणाली, आणि मलाही एक वर्ष मिळालं. जोडीदार सोबत प्रवास करत असेल तर त्यालाही ही सवलत आहे. ज्या देशाशी माझा काही संबंध नव्हता, त्याने मला तिच्या नात्यावर वर्षभर ठेवून घ्यायची तयारी दाखवली. मी भारावून गेलो होतो.

मात्र एकदा मी एकटा दोन दिवस उशिरा गेलो तेव्हा ती सवलत मिळाली नाही. बरोबर उतरणं हीच अट आहे. ज्यांच्या घरी फिलिपिनो जोडीदार आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुढे तिने नागरिकत्व परतही घेतलं. २००३ च्या कायद्याने जन्माने फिलिपिनो असलेल्यांना ते निष्ठेची शपथ घेऊन परत मिळतं, आणि दुसरं सोडावं लागत नाही. तिने वकिलातीत उजवा हात वर केला, शपथ घेतली, रडली, आणि आम्ही घरी आलो. भारतात असं नाही. ओसीआय होऊन पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलात तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण मग परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. त्या रात्री तिचा हात वर झालेला पाहून मला जे वाटलं, त्याला हेवा म्हणतात. तिच्यासाठी आनंदही होताच.

माईची_लेक

भारतात जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. भावनेच्या भरात या गोष्टी राहून जातात. मी अकरा वर्षं ओसीआयवर येते-जाते, त्यातून शिकलेलं लिहिते.

सगळ्यात आधी मुलांची कार्डं तपासा. वीस वर्षांच्या आतल्या मुलाचा पासपोर्ट नवा झाला की दर वेळी नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावा लागतो, तीन महिन्यांच्या आत. मोठ्यांना हे एकदाच, पन्नाशीनंतर पासपोर्ट नवा झाल्यावर. विसाव्या वर्षाआधी काढलेलं कार्ड मात्र त्यानंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टच्या वेळी नव्याने घ्यावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे माहीत नव्हतं. विमानतळावर विमान कंपनीच्या माणसाने धाकट्याच्या कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक जुना आहे म्हणून चाळीस मिनिटं थांबवलं. शेवटी सोडलं, पण आईचा चेहरा पांढरा पडला होता.

पूर्वी ज्या जुन्या पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर असे तो बरोबर न्यावा लागायचा. ती सक्ती आता नाही. नवा पासपोर्ट आणि कार्ड पुरेसं आहे. मी तरी सरेंडर सर्टिफिकेटची प्रत नेते, कारण बँकेत आणि जमिनीच्या कामात ती हमखास मागतात.

जमिनीचं अनेकांना ठाऊक नसतं. ओसीआयवाल्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. भावंडांमध्ये वाटणीची बोलणी निघण्याआधी हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं, नाहीतर विनाकारण एकमेकांवर संशय येतो.

जुनं साधं बचत खातं तसंच चालू ठेवू नका, ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. आणि कोणी पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार किंवा गिर्यारोहणासाठी जात असेल तर ओसीआय असूनही वेगळी परवानगी लागते. मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ते दिलं आहे. माझ्या भाचीला हे कळलं तेव्हा तिचं संशोधनाचं वेळापत्रक छापून तयार होतं.

आणि एकटेपणा वाटत असेल तर सांगते. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं, २०२३ मध्ये २,१६,२१९ जणांनी. त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या काउंटरवर पहिल्यांदा उभा राहतो.

गुलबक्षी

माईची_लेक, फार उपयोगी. शेतजमिनीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे हा विषय येणारच आहे.

दोन_किनारे

एक भर घालतो, अमेरिकेबद्दल. काही जुन्या लेखांत वाचायला मिळतं की नागरिकत्व सोडल्यावर वर्षात तीस दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर पुन्हा पूर्ण कर लागतो. तो नियम जून २००८ नंतर सोडणाऱ्यांना लागू नाही. आता इतर परदेशी लोकांसारखाच दिवसांचा हिशेब आहे, चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली की करासाठी तुम्ही रहिवासी ठरू शकता. आईचं आजारपण लांबलं त्या वर्षी मी हा हिशेब वहीत मांडून ठेवायचो. तिच्या उशाशी बसून दिवस मोजणं मला फार जड गेलं. १९९६ चा एक कायदा असंही सांगतो की कर चुकवण्यासाठी नागरिकत्व सोडणाऱ्याला प्रवेश नाकारता येतो. माझं कारण तसं नव्हतं, आणि मला त्याबद्दल कोणी काही विचारलंही नाही.

कंदील

हा हिशेब महत्त्वाचा, आणि तो फक्त अमेरिकेपुरता नाही. भारतातही करासाठीचं रहिवासीपण मुख्यतः किती दिवस राहिलात यावर ठरतं. आजारी माणसाजवळ लांबचा मुक्काम होणार असेल तर निघण्याआधी एखाद्या सीएला विचारून घ्या.

पाऊलखुणा

भावाला विचारलं. तो म्हणाला की दर वेळी काउंटरवर त्याच्या हाताला घाम येतो, सात वर्षं झाली तरी. मला कधी बोलला नाही. आम्ही दोन तास बोललो. आईची औषधं यापुढे तो ऑनलाइन मागवणार आहे, दर महिन्याला. सुरुवात म्हणून हे पुरे आहे. सांजवेळ, तुमचे आभार.

सांजवेळ

मंडळी, जाऊन पोचले. परवा रात्री उतरले, आज लिहायला सवड मिळाली.

विमानातच सगळे कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये लावून ठेवले होते. रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांच्या हातात आपला जुनाच निळा पासपोर्ट. अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, शिक्का मारला, झालं. मग माझी पाळी. त्याने पासपोर्ट यंत्रात सरकवला, कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, किती दिवस?

ओसीआयवर दिवसांची मर्यादा नाही हे मला पाठ होतं. त्यालाही माहीत असणार, बहुधा सहज विचारलं असेल. पण हा प्रश्न या काउंटरवर मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी एकवीस म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. त्याने शिक्का मारला आणि पासपोर्ट परत दिला. सगळं मिळून दीड मिनिट. दोन_किनारे, मी पट्ट्यापाशी उभी होते तेव्हा तुमची आठवण आली.

घरी वडिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पासपोर्ट बघायला मागितले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुन्याच्या कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, काही बोलले नाहीत. मग भिंग घेतलं आणि नवा पासपोर्ट वाचायला लागले, नाव, जन्मतारीख, एकेक ओळ, सावकाश. एका ओळीवर थांबले, भिंग जवळ नेलं, लांब केलं. म्हणाले, जन्मस्थान तेच लिहिलं आहे. मी हो म्हणाले. ते बरं झालं म्हणाले, आणि भिंग डबीत ठेवलं.

जुना पासपोर्ट त्यांनी मागून घेतला. आता तो त्यांच्या कागदांच्या पेटीत आहे, माझ्या शाळेच्या दाखल्याबरोबर.

डॉक्टरांना मी अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. भावाबरोबर नुसती जाऊन बसले होते. रात्रीचं उठणं हे एकवीस दिवस माझ्याकडे आहे, ते त्याने कबूल केलं आहे.

माईची_लेक, उद्या बँकेत जायचं आहे, खातं बदलून घ्यायला. सरेंडर सर्टिफिकेटच्या दोन प्रती घेऊन जाते आहे. आणखी काय मागतात ते इथेच कळवते.

माईची_लेक

तीन प्रती घे गं. आणि परदेशातल्या पत्त्याचा पुरावाही ने, तो हमखास राहतो.